सुरुंगाची दारू आणि दुबईचे ऊन



आपल्यापैकी अनेकजण भारतात किंवा युरोपात जाताना दुबईच्या विमानतळावर चार-सहा तास काढतात. काहींची मुलेबाळे तेथे नोकरीस आहेत. ज्या रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग या भागातून आपले पूर्वज जहाजात बसून या बेटावर आले, त्याच भागातील हजारो तरुण आज आखाताकडे जातात. म्हणून तेथे काही घडले की आपण कान टवकारतो. अशीच एक बातमी ७ जुलै २०२१ च्या मध्यरात्री आली. दुबईच्या जेबेल अली बंदरात उभ्या असलेल्या एका मालवाहू जहाजावर प्रचंड स्फोट झाला. पंचवीस किलोमीटरवरच्या घरांच्या खिडक्या हादरल्या. लोकांना वाटले की युद्धच सुरू झाले.

सुदैवाने कोणी दगावले नाही. जहाजावरचे चौदा खलाशी वेळेवर उतरले होते आणि आग सुमारे चाळीस मिनिटांत आटोक्यात आली. जहाज लहानसे होते, त्याचे नाव ओशन ट्रेडर. त्यावर निशाण होते आपल्या शेजारच्या कोमोरो बेटांचे. दुसऱ्या दिवशी दुबईच्या पोलीस प्रमुखांनी सांगितले की जहाजावर १३० कंटेनर होते, त्यांपैकी तिघांत ज्वालाग्राही माल होता, आणि त्यात स्फोटके किंवा किरणोत्सर्गी पदार्थ नव्हते.

स्फोटके नव्हती, तरी स्फोट झाला. या एका वाक्यावर आज थोडा विचार करावयाचा आहे. कारण ज्या मालाला आपण उघडपणे ‘स्फोटक’ म्हणतो, त्याची जगभर फार कडक परीक्षा होते. पण परीक्षा कशाची होते आणि कशाची होत नाही, हे सामान्य माणसाला कोणी समजावून सांगत नाही.

दहा सेकंदांत चार मनोरे

आधी याच देशातील दुसरे उदाहरण पाहू. जेबेल अलीच्या घटनेच्या सुमारे सात महिने आधी, २७ नोव्हेंबर २०२० रोजी, अबू धाबी येथे मीना प्लाझा नावाचे अर्धवट राहिलेले चार मनोरे सुरुंग लावून पाडण्यात आले. चारही मिळून १४४ मजले आणि उंची सुमारे १६५ मीटर. दहा सेकंदांत सारे खाली बसले. स्फोटके वापरून पाडलेली ही सर्वांत उंच इमारत म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. तेथे भरपूर स्फोटके होती, माणसे त्यांच्याजवळ काम करीत होती, शेजारी शहर होते. तरीही अपघात झाला नाही.

संयुक्त अरब अमिरातीला सुरुंगाची दारू नवी नाही. वाळूचा देश म्हणून आपण त्याला ओळखतो, परंतु पूर्वेकडे फुजैरा आणि रास अल खैमा या अमिरातींत हजर डोंगरांची रांग आहे. तेथे दगडाच्या मोठमोठ्या खाणी आहेत. दुबईजवळ समुद्रात खजुराच्या झाडाच्या आकाराचे जे बेट उभारले, पाम जुमेरा, त्याच्या अकरा किलोमीटर लांबीच्या बांधासाठी सुमारे ७० लाख टन दगड लागला. एवढा दगड पहारीने निघत नाही. रस्ते, बंदरे, मनोरे, आगगाडीचे बोगदे या सर्वांमागे सुरुंगाची दारू आहे. आपल्याकडचा काळा दगड फोडतानाही तीच लागते.

म्हणजे चित्र असे दिसते: जेथे स्फोटके होती तेथे काम सुरळीत पार पडले, आणि जेथे ती नव्हती तेथे बंदर हादरले. हे उलटे कसे झाले?

परीक्षा कशी होते

व्यापारी स्फोटकांची परीक्षा संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीप्रमाणे होते. या परीक्षांचे पुस्तक पहिल्यांदा १९८४ साली निघाले, आणि त्यात वेळोवेळी सुधारणा होत आल्या आहेत. त्यातील काही परीक्षा कोणालाही समजतील इतक्या साध्या आहेत.

पहिली ठोक्याची परीक्षा. चिमूटभर पदार्थ पोलादी तुकड्यांमध्ये ठेवतात आणि वरून वजन सोडतात. एक किलोचे वजन वीतभर उंचीवरून पडले तर जेवढा ठोका बसतो, साधारण तेवढ्याच ठोक्याने सहा वेळांत एकदा जरी पदार्थ उडाला, तरी त्या स्वरूपात तो कोठेही नेता येत नाही. दुसरी घासण्याची परीक्षा. तिसरी उष्णतेची: पदार्थ ७५ अंश सेल्सियसला अठ्ठेचाळीस तास ठेवतात आणि त्यात काही बदल होतो का ते पाहतात. पुढे बांधलेल्या मालाची परीक्षा येते. खोके बारा मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर टाकतात. खोक्यांची चळत रचून तिच्याखाली मोठी आग लावतात आणि माल नुसता जळतो, तुकडे उडतात, की सगळाच एकदम फुटतो, हे दुरून पाहतात. या निकालावरून मालाचा वर्ग ठरतो, आणि खोक्यावरच्या नारिंगी चौकटीत तो लिहिला जातो.

या परीक्षांमुळे सुरुंगाची दारूही बदलत गेली. जुन्या जिलेटिनच्या कांड्यांत नायट्रोग्लिसरीन असे. उष्णतेत फार दिवस पडून राहिल्या की त्या कांड्यांना घाम सुटे आणि तो घाम अत्यंत धोकादायक असे. नंतर अमोनियम नायट्रेट आणि डिझेल यांचे मिश्रण आले, साधारण शंभरात ९४ भाग नायट्रेट आणि ६ भाग तेल. ते ठोक्याने सहसा उडत नाही. आता अनेक मोठ्या खाणींत लोण्यासारखे घट्ट मिश्रण टाकीच्या मोटारीतून आणतात. रस्त्यावर असताना ते स्फोटक नसते. दगडातील भोकात ओतताना त्यात वायूचे बारीक बुडबुडे तयार करतात, तेव्हा कोठे ते उडण्याजोगे होते. धोका शेवटच्या घटकेला, माणसे दूर झाल्यावर जन्माला यावा, ही त्यामागची युक्ती. परीक्षेने शिकवलेले हे मोठे शहाणपण आहे, ते मान्य केले पाहिजे.

जे कागदावर लिहिलेले नसते

पण परीक्षेला एक मर्यादा आहे. परीक्षा नमुन्याची होते. ठराविक वजनाचा, ठराविक बांधणीचा, ताजा नमुना. तो पास झाला की कागद मिळतो. पुढे तो माल किती दिवस, किती उन्हात, कोणाच्या शेजारी पडून राहील, हे त्या कागदाला ठाऊक नसते.

जेबेल अलीला नेमके तेच घडले. त्या कंटेनरांत सेंद्रिय पेरॉक्साइड जातीचा माल होता. प्लास्टिक आणि राळ बनवण्याच्या धंद्यात तो लागतो. नियमावलीत त्याचा वर्ग स्फोटकांहून वेगळा आहे, म्हणून ‘स्फोटके नव्हती’ हे विधान कागदावर खरेच होते. परंतु या मालाला एक खोड असते. ठराविक उष्णतेच्या वर गेला की तो आतल्या आत कुजू लागतो, कुजताना स्वतःच उष्णता निर्माण करतो, आणि त्या उष्णतेने आणखी वेगाने कुजतो. ही घटका किती अंशांवर येते, ते शोधण्याचीही परीक्षा आहे. त्यातल्या एका पद्धतीत बांधलेला माल सात दिवस एकाच उष्णतेत ठेवून पाहतात.

हे समजायला आपल्याला प्रयोगशाळा नको. साखर कारखान्याच्या आवारातील बगासचा ढीग आठवा. वरून थंड, पण आत हात घालवत नाही. लहान ढिगातली उष्णता निघून जाते, मोठ्या ढिगातली आत कोंडते आणि कधी कधी पेट घेते. पेरॉक्साइडचेही तसेच. जेवढा ढीग मोठा, तेवढी धोक्याची घटका कमी अंशांवर येते. म्हणून लहान डब्याची परीक्षा पुरी पडत नाही. माल ज्या बांधणीत जाणार, त्याच बांधणीत ती व्हावी लागते.

आता जुलै महिन्यातली दुबई डोळ्यांपुढे आणा. सावलीतही पारा चाळिशीच्या पार. उन्हात ठेवलेल्या बंद पोलादी कंटेनरातील हवा साठ अंशांच्याही वर जाऊ शकते. पहिल्या तपासात घर्षण किंवा उष्णता ही शक्य कारणे सांगितली गेली. पुढे निष्काळजीपणाबद्दल खटला चालला, आणि तो माल अनेक दिवस बंदरात उन्हात राहिल्याची गोष्ट त्यात पुढे आली.

येथे एक विरोधाभास मनात येतो. अमिरातीत उन्हाळ्यात, १५ जून ते १५ सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन या वेळात उघड्यावर मजुरांकडून काम करून घेण्यास मनाई आहे. चांगला नियम आहे. ऊन माणसाला मारते हे तेथील सरकारने ओळखले आहे. तेच ऊन मालालाही बिघडवते, आणि बिघडलेला माल पुन्हा माणसालाच मारतो, एवढे ध्यानात घेतले की दोन्ही नियम एकच वाटू लागतात.

कालपर्यंत काही झाले नाही

धोकादायक मालाच्या इतिहासात एक वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू येते: कालपर्यंत काही झाले नाही. जर्मनीत ओप्पाऊ येथील खताच्या कारखान्यात अमोनियम सल्फेट-नायट्रेटचा मोठा साठा असे. तो दगडासारखा घट्ट होई, म्हणून कामगार त्यात सुरुंग लावून तो मोकळा करीत. आपल्याला हे ऐकून धक्का बसेल, पण आधी परीक्षा करून हे मिश्रण सुरक्षित ठरवले होते आणि सुमारे वीस हजार वेळा हा प्रकार बिनधोक पार पडला होता. २१ सप्टेंबर १९२१ रोजी पुन्हा तसाच सुरुंग लावला आणि कारखाना, आजूबाजूची वस्ती, पाचशेहून अधिक माणसे नाहीशी झाली. मिश्रण तयार करण्याच्या पद्धतीत मधल्या काळात बदल झाला होता. परीक्षा जुन्या मालाची होती, साठा नव्या मालाचा होता.

बैरूतची गोष्ट आपणांस ठाऊक आहेच. ४ ऑगस्ट २०२० रोजी तेथील बंदरातील गोदामात २,७५० टन अमोनियम नायट्रेट फुटले आणि दोनशेहून अधिक लोक मेले. फार थोड्या लोकांच्या लक्षात आहे की हा माल आपल्या दिशेने निघाला होता. २०१३ साली रोसस नावाचे जहाज तो घेऊन मोझांबिकच्या बेइरा बंदराकडे निघाले होते. तेथील स्फोटकांच्या कारखान्यासाठी, म्हणजे खाणींसाठीच, तो मागवला होता. जहाज वाटेत बैरूतला अडकले, माल उतरवला गेला आणि सहा-सात वर्षे तेथेच पडून राहिला. तो माल बनला तेव्हा त्याची काय परीक्षा झाली असेल ती असो. बैरूतच्या त्या गोदामाची परीक्षा कोणी केली नाही.

त्या स्फोटानंतर अनेक देशांनी आपापली गोदामे उघडून पाहिली. भारतात चेन्नईजवळ २०१५ पासून जप्त करून ठेवलेले सुमारे सातशे टन अमोनियम नायट्रेट निघाले. ते घाईघाईने हैदराबादला हलवण्यात आले. म्हणजे दुसऱ्याचे घर जळाल्यावर आपण आपली चूल पाहिली.

मुंबई आणि नागपूर

आपल्या लोकांनी हा धडा याआधीच फार महाग किमतीत घेतला होता. ज्या मुंबई बंदरातून आपले पूर्वज निघाले, तेथे १४ एप्रिल १९४४ रोजी फोर्ट स्टिकिन हे जहाज फुटले. त्यावर सुमारे चौदाशे टन युद्धाची स्फोटके होती आणि त्याच जहाजात कापसाच्या गाठी व तेलाची पिंपेही भरली होती. आग लागली ती कापसाला, आणि पुढचे काम स्फोटकांनी केले. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली. आग विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ आजही भारतात १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळतात. स्फोटके स्फोटकांच्या जागी ठीक होती. कापसाशेजारी ती ठेवणे हाच गुन्हा होता.

भारतात स्फोटकांचा कायदा १८८४ सालापासून आहे, आणि त्याची देखरेख करणाऱ्या केंद्रीय खात्याचे, ज्याला आज पेसो म्हणतात, मुख्यालय आपल्या महाराष्ट्रात नागपूरला आहे. जवळच गोंडखैरी येथे त्याचे परीक्षण केंद्र आहे. कोणते स्फोटक बाजारात यावे आणि कोणते येऊ नये, याचा निर्णय विदर्भाच्या मातीत होतो. स्फोटके बनवणारे मोठे कारखानेही त्याच जिल्ह्यात आहेत.

आणि तरीही १७ डिसेंबर २०२३ रोजी नागपूर जिल्ह्यातील बाजारगाव येथील कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार मेले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. सहा महिन्यांनी, १३ जून २०२४ रोजी, धामना येथील दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तोच प्रकार झाला, आणि पुन्हा मृतांत गावच्या तरुण मुली होत्या. परीक्षेचे मुख्यालय एवढ्या जवळ असताना हे का व्हावे? कारण खोक्यात बंद झालेला माल परीक्षा पास होऊन बाहेर पडतो, पण त्याआधी तो ओतणे, दाबणे, भरणे, बंद करणे ही कामे माणसांच्या हातांनी होतात. त्या क्षणी किती माल एका खोलीत आहे, किती माणसे तेथे बसली आहेत, हातातले अवजार कोणते आहे, दार कोणत्या बाजूला उघडते, यावर जीव अवलंबून असतो. बारा मीटरवरून पडूनही न फुटणाऱ्या खोक्याला प्रमाणपत्र मिळते. ते खोके भरणाऱ्या बाईला काय मिळते, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दंडाने काय साधते

अमिरातीचे उत्तर कडक कायदा हे आहे. २०१९ साली तेथे शस्त्रे, दारूगोळा, स्फोटके आणि धोकादायक पदार्थ यांविषयी नवा संघीय कायदा झाला. परवान्यावाचून फटाक्यांचा व्यापार केला तरी किमान एक वर्षाचा कारावास आणि एक लाख दिरहमपासून पुढे दंड, किंवा यांपैकी एक, अशी शिक्षा त्यात आहे. दिवाळीला दुबईत नातेवाईकांकडे जाणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे. सामानात फुलबाजी नेण्याचा मोह धरू नये.

कायदा कडक असण्याचा फायदा आहे. मीना प्लाझासारखे काम बिनचूक होते, कारण प्रत्येक कांडीचा हिशेब ठेवणारा कोणीतरी असतो. परंतु नुसत्या दंडाने एक गोष्ट साधत नाही. ज्याला आपण ‘स्फोटक’ नाव दिले त्याच्यामागे दहा शिपाई उभे राहतात, आणि ज्याला ते नाव नाही तो माल साध्या कंटेनरात, साध्या जहाजावर, साध्या कामगाराच्या हातून जातो. धोका नावावर ठरत नाही. तो पदार्थ, उष्णता, वेळ आणि शेजार या चार गोष्टी एकत्र आल्या की ठरतो. परीक्षेने पहिल्या गोष्टीचे उत्तर दिले आहे. बाकीच्या तिघींचे उत्तर बंदराच्या मुकादमाने, जहाजाच्या कप्तानाने आणि गोदामाच्या कारकुनाने रोज द्यावयाचे असते.

कोणी म्हणेल, एवढी सावली, एवढे अंतर, एवढे मोजमाप ठेवले तर धंदा कसा चालेल? खर्च वाढतो हे खरे आहे. पण सावलीचा मांडव आणि उष्णता मोजणारे यंत्र यांचा खर्च आणि एका बंदराचा खर्च यांची तुलना कोणी करावी? बैरूतने ती केली आहे.

आपल्या बेटापुरते

दुबई मोठी आहे, श्रीमंत आहे, एक धक्का बंद पडला तर तिला दुसरे धक्के आहेत. आपल्या बेटाचे तसे नाही. आपला तांदूळ, पीठ, तेल, औषधे, सिमेंट आणि खाणींना लागणारी सुरुंगाची दारू असो की कारखान्यांना लागणारी रसायने, जवळजवळ सारे पोर्ट लुईच्या एकाच बंदरातून येते, आणि ते बंदर राजधानीच्या कुशीत आहे. उन्हाळा आपल्याकडेही असतो, आणि चक्रीवादळाच्या दिवसांत माल अडकून पडतो तो वेगळाच.

भीती पसरवावी असा हेतू नाही. आपल्या बंदरातले लोक आपले काम जाणतात. परंतु प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे, आणि तीन प्रश्न कोणीही विचारू शकतो. धोकादायक माल बंदरात जास्तीत जास्त किती दिवस राहू शकतो? तो कोणाच्या शेजारी ठेवला जातो? आणि तो हाताळणाऱ्या माणसाला, तो ज्या भाषेत बोलतो त्या भाषेत, हे सारे कोणी समजावून सांगितले आहे का?

आपल्या घरांतील मुले आज बंदरात, खाणीत, साखर कारखान्यात, बांधकामावर नोकरी करतात. काही आखातात जातील. त्यांना निरोप देताना आपण पैसे जपून वापर, जेवण वेळेवर घे, असे सांगतो. त्यात आणखी एक वाक्य घालावे: खोक्यावर काय लिहिले आहे ते वाच, आणि ते खोके कोठे ठेवले आहे तेही पाहा.